मानेवरचा थेंब आणि घरभरच्या पिसवा

कुत्र्या-मांजराच्या मानेवर सोडायचं थेंबाचं औषध, म्हणजे स्पॉट-ऑन, घातल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या की ‘औषध बोगस निघालं’ असा निकाल लगेच लागतो. बनावट औषधं विकली जातात, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा औषध आपलं काम चोख करत असतं आणि हिशेब चुकलेला असतो आपला. हा थेंब जनावराच्या अंगावर आलेली पिसू मारतो. गालिच्यात पडलेली अंडी, सोफ्याच्या फटीतल्या अळ्या आणि कोष यांच्यापर्यंत तो जात नाही. पिसवांची खरी वस्ती मात्र तिथेच असते.

थेंब मानेवर आणि पिसू शेपटीजवळ, मग औषध तिथवर जातं कसं? कुत्र्या-मांजराच्या कातडीवर तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावाचा एक पातळ थर सतत असतो. फिप्रोनिलसारखं औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज मिसळतं. पिपेटमध्ये, म्हणजे थेंब सोडायच्या छोट्या प्लास्टिकच्या नळीत, ते एका द्रावकात विरघळवलेलं असतं. थेंब कातडीवर पडला की द्रावक काही तासांत उडून जातो आणि औषध त्या तेलकट थरातून हळूहळू अंगभर पसरतं. याला साधारण 24 ते 48 तास लागतात. वाटेत ते केसांच्या मुळांत आणि तैलग्रंथींत साठतं आणि पुढचे काही आठवडे नव्या स्रावाबरोबर थोडं थोडं बाहेर येत राहतं. रक्तात ते फारच कमी जातं. पिसवेने चावण्याचीही गरज नाही, कातडीला किंवा केसाला ती चिकटून फिरली तरी औषध तिच्या अंगात उतरतं.

इमिडाक्लोप्रिडही असंच पृष्ठभागावर राहून स्पर्शाने मारतं. फरक एवढाच की ते फिप्रोनिलपेक्षा पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं. त्यामुळे रोज पोहणाऱ्या किंवा दर आठवड्याला शाम्पूने आंघोळ घातल्या जाणाऱ्या कुत्र्यावर त्याचा असर लवकर ओसरतो.

सेलामेक्टिनची वाट वेगळी आहे. ते कातडीतून रक्तात शोषलं जातं आणि रक्तातून परत तैलग्रंथींत येऊन बसतं. म्हणूनच ते पिसवांबरोबर कानातल्या सूक्ष्म माइटवर आणि हृदयात राहणाऱ्या जंतांच्या पिल्लांवरही चालतं. एकदा शोषलं गेलं की वरून पाणी ओतलं तरी फारसं बिघडत नाही. उत्पादकाच्या सूचनेनुसार दोन तासांनंतर आंघोळ चालते. फ्लुरालानरचा थेंब तर जवळजवळ गोळीसारखाच वागतो. रक्तात जातो, 12 आठवडे टिकतो, पण पिसवेने रक्त प्यायल्याशिवाय तिला काही होत नाही. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या जनावरासाठी औषध निवडताना हा फरक पशुवैद्याशी नक्की बोलावा. अशा जनावराला मोजक्या चाव्यांनीही शेपटीच्या बुडाशी खाज सुटून कातडी सोलवटते.

म्हणजे ‘स्पॉट-ऑन’ हा औषध घालण्याचा फक्त प्रकार झाला. खोक्यावर आतल्या औषधाचं नाव बारीक अक्षरांत असतं, ते वाचल्याशिवाय आंघोळ कधी घालायची, गोचीड मरणार का, मांजराला चालेल का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. गोचिडांचंच बघा: फिप्रोनिल गोचीड मारतं, इमिडाक्लोप्रिड एकटं असेल तर मारत नाही.

पिसवेला नेमकं काय होतं

ही सगळी औषधं पिसवेच्या चेतासंस्थेवर घाव घालतात, पण जागा वेगवेगळ्या. चेतापेशीला ‘आता शांत हो’ असा संदेश क्लोराइडच्या वाहिन्यांतून मिळतो. फिप्रोनिल नेमक्या त्याच वाहिन्या बंद करतं. शांत करणारा संदेशच पोहोचत नाही, पेशी सतत पेटलेल्या राहतात आणि पिसू झटके येऊन मरते. अशा वाहिन्या आपल्यात आणि कुत्र्या-मांजरातही असतात, पण त्यांची घडण वेगळी असल्याने फिप्रोनिल त्यांना कीटकांच्या मानाने खूपच सैल चिकटतं. शिवाय कीटकांत क्लोराइडच्या वाहिन्यांची आणखी एक जात असते, जी सस्तन प्राण्यांत नसतेच, आणि फिप्रोनिल तिलाही अडवतं. ॲसिटिलकोलीन हे चेतापेशींमध्ये निरोप नेणारं रसायन. ते पेशीवर ज्या जागी चिकटतं त्या जागा, म्हणजे ग्राही, इमिडाक्लोप्रिड धरून बसतं, तिथेही कीटकांच्या ग्राहींवरची पकड कितीतरी घट्ट.

याचा एक परिणाम लोकांना हमखास घाबरवतो. औषध घातल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आधीपेक्षा जास्त पिसवा दिसतात. एरवी केसांच्या मुळाशी दडून बसणारी पिसू बिथरते आणि वर येऊन सैरावैरा पळते. हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण आहे. अंगावरच्या बहुतेक पिसवा 12 ते 24 तासांत मरतात.

या 24 तासांना महत्त्व आहे. अंगावर चढलेली पिसू काही मिनिटांतच रक्त प्यायला लागते आणि पहिल्या जेवणानंतर 24 ते 36 तासांत मादी अंडी घालू लागते. मग दिवसाला 40-50 अंडी. तिला त्याआधी मारलं तर अंडीच पडत नाहीत. थेंबाचं खरं काम हेच आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात औषधाचा साठा उतरणीला लागतो. पिसू तेव्हाही मरते, पण उशिरा, आणि त्या उशिरात चार अंडी घालून जाते. ‘अजून पिसू दिसत नाही, पुढच्या आठवड्यात घालू’ म्हणत थेंब लांबवणाऱ्याचं गणित इथे फसतं.

काही औषधांत मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन हा दुसरा घटक असतो. हे किड्याच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. पूर्ण वाढलेल्या पिसवेला त्यांनी लगेच काही होत नाही, पण तिची अंडी उबत नाहीत आणि अळी कोषापर्यंत पोहोचत नाही. घरात आधीच प्रादुर्भाव असेल तर असं जोड-औषध घ्यावं असं माझं मत आहे. मुख्य औषधातून निसटलेल्या मादीचा वंश तरी तिथे थांबतो.

घरातला हिशेब

कुत्रा असो की मांजर, अंगावर सापडते ती बहुधा एकच जात, जिला मांजरपिसू म्हणतात. तिची अंडी अर्धा मिलिमीटरची, पांढरी आणि गुळगुळीत. केसांना चिकटत नाहीत, जनावर जिथे झोपतं, अंग झटकतं, उडी मारतं तिथे गळून पडतात. त्यातून निघालेली अळी उजेड टाळते, फटीत आणि गालिच्याच्या बुडाशी जाते आणि पिसवांच्या विष्ठेवर जगते. ही विष्ठा म्हणजे सुकलेलं रक्तच. मग ती रेशमासारख्या चिकट धाग्यांचा कोष विणते आणि त्यावर घरातली धूळ चिकटून तो दिसेनासा होतो. हवा उबदार आणि दमट असली की अंड्यापासून पिसवेपर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत होतो. कोरड्या हवेत अळ्या मरतात, कोष मात्र तग धरतो.

प्रादुर्भावाच्या घरात साधारण किती काय असतं याचा जो ढोबळ अंदाज पशुवैद्यक सांगतात तो असा: अंडी 50 टक्के, अळ्या 35, कोष 10 आणि अंगावरच्या पिसवा 5. थेंब थेट पोहोचतो तो या पाच टक्क्यांपर्यंत.

सगळ्यात चिवट म्हणजे कोष. कीटकनाशकाचा फवारा त्याच्या आत पोहोचत नाही. आत तयार झालेली पिसू महिनोन्महिने दबा धरून बसू शकते आणि ऊब, हादरा किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की काही क्षणांत बाहेर उडी मारते. बंद ठेवलेल्या घरात पाऊल टाकताच पायांवर पिसवा चढतात त्या यामुळे. थेंब घातल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दिसणाऱ्या ‘नव्या’ पिसवाही बऱ्याचदा याच असतात. त्यांची अंडी औषध घालायच्या आधीच पडलेली होती. कोषांचा हा साठा रिकामा व्हायला दोन ते तीन महिने लागतात. तेवढा काळ घरातल्या प्रत्येक जनावरावर औषध सलग चालू राहिलं पाहिजे. थेंब घातलेलं मांजर घरभर फिरत राहिलं पाहिजे, कारण कोषातून निघालेली प्रत्येक पिसू त्याच्यावर चढते आणि मरते. ‘पिसवा आहेत’ म्हणून त्याला एका खोलीत कोंडून ठेवलं तर बाकीच्या खोल्यांतले कोष तसेच राहतात.

घराची साफसफाई औषधाला हातभार लावते. व्हॅक्यूम क्लीनर रोज किंवा एक दिवसाआड फिरवा, विशेषतः जनावर झोपतं ती जागा, सोफ्याच्या गादीखाली, पलंगाखाली, भिंतीलगतच्या फटी. अंडी आणि विष्ठा ओढली जातात आणि हादऱ्याने कोष फुटून पिसवा बाहेर येतात. धूळपिशवी किंवा डब्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका, नाहीतर त्या तिथूनच परत येतील. अंथरूण आणि चादरी आठवड्यातून एकदा 60 अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा. घरात फवारणी करायचीच असेल तर वाढ रोखणारा घटक असलेला फवारा घ्या. फवारताना जनावरं, पक्षी आणि माशांची टाकी दुसरीकडे हलवा. पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा असेल तर वाळेपर्यंत मांजराला त्या खोलीत सोडू नका.

थेंब घालताना

आधी वजन. अंदाजाने नको. घरच्या काट्यावर एकदा स्वतः उभं राहा, मग जनावराला उचलून घेऊन, आणि फरक काढा. 10 टक्के फिप्रोनिलच्या पिपेट कुत्र्यांसाठी साधारण अशा येतात: 2 ते 10 किलोला 0.67 मिली, 10 ते 20 किलोला 1.34, 20 ते 40 ला 2.68 आणि 40 ते 60 ला 4.02. मांजरासाठी 0.5 मिली. आता 22 किलोच्या कुत्र्याला ‘विसाच्याच आसपास आहे’ म्हणून 1.34 ची पिपेट घातली तर त्याला बरोबर निम्मी मात्रा मिळते. उलट, मोठी पिपेट विकत घेऊन तीन जनावरांत थेंब-थेंब वाटण्याच्या काटकसरीत कोणाला किती गेलं याचा पत्ता लागत नाही.

शाम्पूने आंघोळ घातली असेल तर मध्ये दोन दिवस जाऊ द्या. शाम्पू कातडीवरचं तेल काढून टाकतो, आणि ते तेल हेच तर औषधाचं वाहन. घातल्यानंतरही दोन दिवस आंघोळ, पोहणं, पाऊस टाळा. सेलामेक्टिनसारख्याला ही अट सैल आहे, पण खोक्यावरची सूचना शेवटी खरी.

पिपेट उभी धरून नळीवर टिचकी मारा, म्हणजे टोकात अडकलेलं औषध खाली उतरेल. मग टोक तोडा किंवा झाकणाने भोक पाडा. मांजराला डोक्याच्या मागे, कवटी संपते तिथे मानेवर घाला. फार खाली घातलं तर त्याची लवचीक मान वळते आणि जीभ तिथवर पोहोचते. कुत्र्याला खांद्याच्या दोन हाडांच्या मध्ये. दोन्ही हातांच्या बोटांनी केस असे फाका की फिकट कातडीची रेघ स्पष्ट दिसेल. टोक कातडीला टेकवा आणि दाबा. दाब सोडायच्या आधी पिपेट उचला, नाहीतर उरलेलं औषध परत नळीत ओढलं जातं. प्रमाण जास्त असेल तर पाठीच्या कण्याच्या रेषेत तीन-चार ठिकाणी विभागून घाला, म्हणजे ओघळणार नाही.

सगळ्यात जास्त वाया जातं ते इथेच. दाट केसांच्या कुत्र्यावर थेंब केसांवर पडतो, केस चिकट होतात, मालकाला वाटतं झालं काम. केसांवर सुकलेलं औषध तेलकट थरात उतरत नाही. चोळायचंही नाही. चोळल्याने ते तळहाताला आणि केसांना लागतं.

त्या जागी एक-दोन दिवस केस चिकटलेले किंवा पांढरट पावडर दिसते, ती आपोआप जाते. वाळेपर्यंत लहान मुलांना हात लावू देऊ नका आणि जनावराला कुशीत घेऊन झोपू नका. द्रावक चटकन पेट घेतो, म्हणून जवळ दिवा किंवा सिगारेट नको. पॉलिशच्या लाकडावर आणि चामड्यावरही त्याचे डाग पडतात. दोन मांजरं एकमेकांना चाटत असतील तर वाळेपर्यंत वेगळी ठेवा. चाटलंच तर तोंडाला फेस येतो, लाळ गळते. हा बहुधा कडू चवीचा प्रताप असतो. पाणी द्या, लक्ष ठेवा. लाळ थांबली नाही, उलट्या झाल्या किंवा अंग थरथरू लागलं तर पशुवैद्य गाठा.

कुत्र्याचं औषध मांजराला: नाही म्हणजे नाही

कुत्र्यांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं, 40 ते 65 टक्क्यांपर्यंत. मांजराच्या यकृतात ते निकामी करण्याची एक महत्त्वाची प्रक्रिया फारच दुबळी असते, त्यामुळे ते अंगात साचतं आणि चेतापेशींच्या सोडियम वाहिन्या उघड्या ठेवतं. 50 टक्क्यांच्या औषधाचा एकच मिली म्हणजे 500 मिलिग्रॅम पर्मेथ्रिन. चार किलोच्या मांजराला हे किलोमागे 125 मिलिग्रॅम झालं, आणि एवढ्यात जीव जाऊ शकतो. कान फडफडणं, कातडी थरथरणं, तोल जाणं, मग झटके. लक्षणं काही तासांत दिसतात, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. त्याच्यावर उतारा म्हणून घरी देण्यासारखं काही नाही. कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाने अंग धुवा. गरम पाणी नको, त्याने शोषण वाढतं. पुसून, उबदार कापडात गुंडाळून खोक्यासकट दवाखान्यात न्या. झटके सुरू असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट निघा. घरात कुत्रा आणि मांजर एकत्र लोळत असतील तर कुत्र्यालाही पर्मेथ्रिन नकोच. घातलंच असेल तर निदान 72 तास दोघांना वेगळं ठेवा.

सशाला फिप्रोनिल कधीही नाही, त्याने ससे मेले आहेत. अगदी लहान पिल्लांना, म्हणजे बहुतेक औषधांत आठ आठवड्यांच्या आत, थेंब नको. त्यांच्या पिसवा बारीक दातांच्या फणीने काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. काम कंटाळवाणं, पण टाळू नये. इवल्याशा पिल्लाचं रक्त पिसवा इतकं पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. हिरड्या फिकट दिसल्या तर तो पशुवैद्याचा विषय. फेफऱ्याचा इतिहास असलेल्या जनावराला फ्लुरालानरच्या गटातलं औषध देण्याआधीही विचारा. आणि शेतीचं फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड पातळ करून घालण्याचा सल्ला कोणी दिला तर कानावरून जाऊ द्या. नाव तेच असलं तरी त्यातले द्रावक आणि तीव्रता कातडीसाठी नसतात. टी ट्री तेलही तसंच, ‘नैसर्गिक’ आहे म्हणून लावतात आणि मांजराला विषबाधा होते.

लागू पडतंय का

ओल्या पांढऱ्या कागदावर जनावराचे केस विंचरा. पडलेल्या काळ्या कणांभोवती लालसर-तपकिरी रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, न पसरला तर साधी माती. आठवड्यातून एकदा हे करून तारखेसह लिहून ठेवा. आकडा पहिल्या महिन्यात हेलकावे खाईल, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उतरला पाहिजे. तीन महिने सगळ्या जनावरांवर, योग्य वजनाने, कातडीवर औषध घालूनही उतरला नाही तर वेगळ्या गटाचं औषध बदलून घ्या. त्याआधी बाहेरची भटकी मांजरं अंगणात किंवा जिन्याखाली झोपतात का तेही पाहा, अंडी तिथूनही येतात.

शीच्या जागेभोवती तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर ते फीतकृमीचे. पिसवेच्या अळीने खाल्लेली फीतकृमीची अंडी पिसवेच्या पोटात वाढतात आणि अंग चाटताना ती पिसू गिळली की जनावराच्या आतड्यात पोहोचतात. वर सांगितलेल्या थेंबांनी हा कृमी मरत नाही, त्याला प्राझिक्वांटेल लागतं.

रिकामी पिपेट सिंकमध्ये धुऊ नका, टोपण लावून कचऱ्यात टाका. उरलेलं औषध नाल्यात ओतू नका. इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या पाण्याच्या तपासणीत, जिचे निष्कर्ष 2020 मध्ये आले, 98 टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं होतं, आणि पाण्यातल्या किड्यांना ही औषधं अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. कुत्र्याला ओढ्यात किंवा तळ्यात पोहायला सोडायचंच असेल तर पृष्ठभागावर राहणारं औषध न निवडता पशुवैद्याला गोळीचा पर्याय विचारा.